गोराईहून परदेशी तळावर गेलेली बाटली

देशाच्या हवाई दलात मी इमानेइतबारे परदेशी सेवा केली आहे. मित्रांनो, मी एक जुनी बिअरची बाटली आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण संस्कार गोराईत. बिअर कोणी प्यायली ते आठवत नाही. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात मसाला भाजतात, कुटतात आणि धुतलेल्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात. एथेलने मला तसं भरलं आणि नवऱ्याच्या सामानात खुपसलं. तिचा नवरा डॅरिल हेलिकॉप्टरांची देखभाल करतो. त्याची तुकडी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेला निघाली होती.

"पुरवून खा रे. आणि नाताळानंतर फ्लेवियाचं लग्न आहे. लेकीला वेदीपर्यंत कोण नेणार?"

"मीच. तोवर माझ्या जागी दुसरा माणूस येतो ना, बदली."

तिथे लाल धूळ होती, आणि बदली नेहमी पुढच्या विमानाने येणार होती. विमान यायचं, त्यातून सुटे भाग उतरायचे, मुदत वाढायची. हेलिकॉप्टर दमलं की त्याला दुरुस्तीला धाडत. माणसांसाठी तशी सोय नव्हती. मेसच्या फिक्या वरणावर रोज माझ्यातली चिमूट पडे. सुरुवातीला अख्खा तंबू माझं कौतुक करी. पुढे चिमूट इतकी आटली की शेजारच्या खाटेवरचा राजाराम म्हणाला, "अरे, मसाला टाकतोस की तीर्थ शिंपडतोस?"

"लग्नापर्यंत पुरवायचाय, यार."

माझा तळ दिसू लागला तेव्हा डॅरिल आणि राजाराम, दोघांच्याही जागी बदली माणसं निघाल्याचं कळलं. डॅरिलने बॅग भरली. विमानातून एकटा सम्यक उतरला, गोवंडीचा. नव्या माणसाने जुन्यांच्या घरून खाऊ आणायचा अशी तळावरची प्रथा. म्हणून तो गोराईला जाऊन आला होता. त्याने ठासून भरलेली नवी बाटली डॅरिलच्या हातात दिली.

"काकूंनी दिली, सर. मी राजाराम सरांच्या जागी आलोय. तुमच्या जागी अजून कोणी नाही, असं सांगितलं, तशा त्या उठून आत गेल्या नि ही घेऊन आल्या."

"काही म्हणाली?"

"बूच घट्ट लावा म्हणाल्या."

डॅरिलने भरलेली बॅग खाटेखाली सारली.

आता वीज गेली की माझ्यात मेणबत्ती उभी करतात. मित्रांनो, रिकामं झालेल्याला लगेच फेकू नका. विसळा, जरा उन्हात ठेवा. माणसांनाही हे चालतं.

फ्लेवियाला वेदीपर्यंत तिच्या रिचर्डमामाने नेलं. त्याचं बोरिवलीला चष्म्याचं दुकान आहे. लग्न रविवारचं होतं, आणि रविवारी ते बंद असतं.