दादाने कालवलेलं रॉकेल

तेल गाळायचा कारखाना भावाबहिणीचा होता. म्हणजे मनोरा धाकट्या बहिणीकडे आणि खुर्ची भावाकडे. पदवी दोघांची एकच. दादाने ती भिंतीवर लावली होती. मनोऱ्यात नेमकं काय होतं हे त्याने कधी वर चढून पाहिलं नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांना तो ते फार सुंदर समजावून सांगे.

प्रकार तसा सरळ आहे. काळं कच्चं तेल भट्टीत तापवायचं आणि वाफ मनोऱ्यात सोडायची. मनोरा खाली जास्त गरम, वर कमी, आणि आत एकावर एक थाळ्या बसवलेल्या. जड वाफ थोडी चढली की दमते, निवते आणि तिथल्या थाळीत तेल होऊन बसते, ते डिझेल. हलकी आणखी वर जाते, ते रॉकेल. सगळ्यात हलका तो नाफ्ता, पेट्रोलचा जवळचा नातेवाईक, शेंड्यावरून बाहेर पडतो. तळाशी डांबरासारखा गाळ. कोण किती तापल्यावर उकळतो, त्यावर त्याची थाळी ठरते. वशिला चालत नाही. दादाला मनोरा आवडत नसे तो यामुळेच.

त्या हिवाळ्यात नाफ्त्याला कुत्रं विचारत नव्हतं आणि स्टोव्हसाठी रॉकेल सगळ्यांना हवं होतं. धाकटी जेवायला बसली तेवढ्यात दादाने पंप लावून नाफ्ता रॉकेलच्या पिंपांत कालवला. ती हात धुऊन आली तेव्हा पिंपं ट्रकवर चढलेली. तिने एका पिंपाचं झाकण उघडून वास घेतला आणि झाकण हातात तसंच धरून दादाकडे वळली.

"काय घातलंस यात?"

"काही नाही गं. जरा पातळ केलंय."

"दूध आहे का ते?"

"एकाच तेलातून निघालेत दोन्ही. सख्खी भावंडं. एकत्र राहिली तर बिघडलं कुठे?"

"आपणही सख्खी आहोत. कोंबू तुला पिंपात?"

"हळू बोल, ड्रायव्हर ऐकतोय."

"ऐकू दे! कोणाची तरी बायको स्टोव्हला पंप मारणार, काडी ओढणार, आणि तुझं पातळ केलेलं तिच्या तोंडावर भडकणार. चेहरा तिचा, नफा तुझा!"

"तुला ना, जिथे तिथे आगच दिसते."

कारखान्यात वडिलांपासूनचा एक रिवाज होता. रॉकेलची गाडी निघण्याआधी फाटकाबाहेर, पिंपांपासून लांब, एका बशीत थोडा माल घ्यायचा आणि मालकाने स्वतः पेटती काडी वरून फिरवायची. चोख रॉकेल थंड हवेत काडीकडे ढुंकूनही बघत नाही. धाकटीने त्याच पिंपातला माल बशीत घेतला, बशी बाहेर नेऊन ठेवली आणि काडीपेटी दादाच्या हातात कोंबली.

"लाव."

"वारा आहे."

"पान हलत नाहीये."

"शर्ट नवा आहे गं."

वहिनी ऑफिसातून बाहेर आली होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, लावा की. जरा पातळच तर केलंय."

दादा बशीकडे बघत मागे सरकला. आणखी मागे सरकला. काडीपेटी खिशात गेली.

ड्रायव्हर म्हणाला, "मालक, हेच माझ्या पाठीमागे भरलंय ना?" उत्तराची वाट न बघता तो पिंपांना बांधलेला दोर सोडू लागला.

"गाडी गेली नाही तर गिऱ्हाईक तुटेल!" दादा ओरडला.

"तुटू दे."

बिघडलेला माल परत भट्टीत पाठवण्यासाठी एक टाकी होती. कामगार तिला उष्ट्याची टाकी म्हणत. धाकटीने तिला नळी जोडली आणि पहिलं पिंप रिकामं करायला लागली.

"म्हणजे उकळून पुन्हा वेगळं होतंच की!" दादाचा चेहरा उजळला. "मग एवढा तमाशा कशासाठी?"

"तेल वेगळं होतं, दादा. भाजलेलं माणूस पुन्हा उकळून धड होत नाही." तिने नळी पिंपात आणखी खाली ढकलली. "गिऱ्हाइकाला फोन कर. माल उद्या मिळेल म्हणावं."

"कारण काय सांगू?"

"खरं सांग."

दादाने फोन लावला, घसा खाकरला आणि आवाजात साखर घोळली. "नमस्कार साहेब! काय आहे, माल तपासताना मलाच जरा शंका आली. लोकांच्या जिवाशी खेळ आमच्याकडे चालत नाही. मी म्हटलं, तोटा झाला तरी चालेल, गाडी थांबवा..."

वहिनीने कपाळावर हात मारला. धाकटीचे दोन्ही हात वाहत्या नळीला अडकले होते, म्हणून फोन वाचला.