विस्तवाची शाळा

आजी जिंकली की नातीनं कायदा बदलायचा, ही आचलची कोणती रीत म्हणायची? काल कौशल्याबाईंच्या विस्तवाच्या पानांवरचे आकडे आठाचे सहा झाले होते, आज सहाचे चार. जठारपेठेतल्या त्या घरात पोरगी सकाळपासून कात्री घेऊन हिंडत होती. बसे, उठे, एखादं पान खोडी, पुन्हा बसे.

पत्त्यांचा हा खेळ तिनंच रचलेला. जादूच्या तीन शाळा : विस्तव, पाणी, माती. तिन्ही तोलात असतील तरच अमरावतीचा छापखानेवाला हा खेळ विकत घेणार होता, आणि उद्या त्याच्याकडे जायचं होतं. पण विस्तव काही केल्या हरेना.

"आजी, अजून एक डाव."

"काहून वं? मी जितून राहिली हा माया गुन्हा हाय का? दोन यत्ता शिकलेली बाई तुयी शाळा चालवून राहिली, म्हून पोटात दुखते तुया!"

तरी त्या बसल्या. लेक गजेंद्रकडे माती, सून आरतीकडे पाणी. कापून कापून विस्तवाची राख झालेली, तरी कौशल्याबाईच जिंकल्या.

कुकरची शिट्टी झाली. आरती हातात उरलेली पानं पालथी टाकून आत पळाली, आणि कूलरच्या झोतानं पानं उताणी झाली. वरच 'पूर'. एका टोल्यात विस्तव विझवणारं पान.

"हे कवापासून हाय हिच्याजवळ?" कौशल्याबाईंनी विचारलं.

गजेंद्रनं आपली पानं मांडीखाली सारली. कौशल्याबाईंनी ती ओढून काढली. त्यातही दोन भारी पानं तशीच राखलेली.

"बोल नं रे!"

"आई, तुले हरवून रात्री या घरात जेवाचं कसं?"

आचलनं कातरलेली पानं मांडीवर गोळा केली. "मंग मी विस्तव कापला तो कायले? उद्या तिथं दोन मिनिटांत विझन तो!"

कौशल्याबाईंची कानशिलं तापली. भिंतीपलीकडच्या इंदूबाईला रोज ऐकवलेली जीत आठवली. उठून आत जावं, असं एकदा मनात आलं. पण पोरीच्या मांडीवर त्या कातरलेल्या पानांचा ढीग होता.

"जुनी, आठाची पानं काढ," त्या म्हणाल्या. "अन् गज्या, आता हात राखला तं खरंच जेवन नाई."

पहिल्याच डावात पूर आला. विस्तव विझला. सगळे कौशल्याबाईंकडे बघू लागले.

"पायता काय? वाटा!"

पुढचा डाव गजेंद्रनं मारला. त्यानंतर कुठं त्या जिंकल्या, तेही पदरानं मान पुसत पुसत. मग पुन्हा आरती, मग पुन्हा त्या. सून आता चक्क हसत होती.

आचल टक लावून बसली होती. "आजी, सांग नं. नेऊ का?"

"जुनीच पानं ने. तुया तिन्ही शाळा बरोबर हायेत, खोट तुयात हाय. खेळ पारखाले मले बसवलं! या घरात मले हरवाची छाती कोनाची हाय, हे तुले मालूम नव्हतं का? जाय आता. अन् इंदूबाईले यातलं काई सांगशीन तं पाय!"