माझ्या पोटात हरवलेल्या मयुराच्या नोट्स

वय वर्षं अकरा, वजन अडीच किलो, डावं बिजागर मोडलेलं आणि बॅटरी केव्हाच मेलेली. मित्रांनो, असा मी एक जुना लॅपटॉप आहे. यंत्राला राग येत नाही असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर त्या शिकवणाऱ्याला एकदा माझ्याकडे पाठवा. माझ्या पोटात जे झालं ते ऐकून मग काय ते बोलू दे.

मला कुठल्या कारखान्यात जोडलं, ते मला आठवत नाही. तेव्हा मी अजून एकदाही सुरू झालो नव्हतो. माझे डोळे उघडले ते थेट दिल्लीत, राजाभाऊंच्या खोलीत. राजाभाऊ जिंतूरहून कलेक्टर व्हायला आले होते. करोल बागेतल्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, पलंग आणि टेबल ठेवल्यावर चालायला जागा उरणार नाही अशी ती खोली होती. पण माझा थाट बघण्यासारखा होता. राजाभाऊ आंघोळ करून, कपडे बदलून मगच मला उघडायचे. रुमालाने पडदा पुसायचे. मला जेवणाच्या ताटाजवळ येऊ द्यायचे नाहीत. शेजारपाजारची मराठी मुलं माझ्यावर भाषणं बघायला यायची आणि म्हणायची, "मशीन एकदम झकास आहे, यार." मी फुगून जायचो. तरुण होतो, दुसरं काय.

माझ्या पोटात एक डिस्क फिरते. तुम्ही लिहिलेलं सगळं तिच्यावर राहतं. त्या डिस्कचे भाग पाडता येतात, घरात भिंती घालून खोल्या पाडतात तसे. राजाभाऊंनी एक भाग पाडला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. पाच वर्षं त्यात नोट्स भरल्या. दोनदा ते मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि दोनदा परत आले. शेवटी गावाकडची, म्हणजे राज्याची परीक्षा देऊन नायब तहसीलदार झाले. जाताना त्यांनी मला गाववालीच्या, म्हणजे मयुराच्या हवाली केलं.

आता एक रीत समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. या मुलांमध्ये पुस्तकं, टेबल, लॅपटॉप सगळं सीनिअरकडून ज्युनिअरकडे जातं. लॅपटॉप घेणाऱ्याने त्यात आपल्या नावाचा नवा भाग पाडायचा. सीनिअरच्या भागातलं काही पुसायचं नाही आणि आपलं काही त्यात ठेवायचंही नाही. राजाभाऊ तर दोनदा मुलाखत देऊन आलेले. त्यामुळे त्यांचा भाग म्हणजे देव्हाराच झाला. पूर्वपरीक्षेच्या सकाळी शेजारपाजारच्या मुली माझ्या पडद्यावर त्यांच्या नावाला हात लावून जायच्या. आत काय होतं, तर आठ-दहा वर्षांपूर्वीच्या चालू घडामोडी. तेव्हाचे मंत्री, तेव्हाच्या योजना. त्याचा आज कुणाला काही उपयोग नव्हता, आणि तो भाग निम्मा रिकामा होता.

मयुराने मला राजाभाऊंसारखं जपलं नाही, खोटं कशाला बोलू. माझ्यावर चहाचा कप ठेवायची. कीबोर्डमध्ये शेवेचे तुकडे अडकलेले असायचे. बिजागर मोडलं तेव्हा चिकटपट्टी लावून मोकळी झाली. पण काम केलं ते तिनंच. तिचा वैकल्पिक विषय मराठी साहित्य. दिल्लीत त्याचे वर्ग शोधून सापडत नाहीत, म्हणून पोरीने चार वर्षं स्वतःच नोट्स तयार केल्या. प्रश्न घ्यायचा, उत्तर लिहायचं, जुन्या सरांना फोनवर वाचून दाखवायचं, ते देतील तो शेरा त्याच उत्तराखाली उतरवायचा आणि उत्तर पुन्हा लिहायचं. काही उत्तरं तिने सात-सात वेळा लिहिली. ते सगळं माझ्या पोटात, मयुरा नावाच्या भागात होतं. आणि फक्त तिथंच होतं. मेलवर ठेवावं तर मेल केव्हाच भरलेला, आणि पेन ड्राइव्ह घ्यायचा तो राहूनच गेला.

वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. पूर्वपरीक्षा पास झाली होती. मुख्य परीक्षेला सोळा दिवस उरले असताना तिचा भाग गच्च भरला आणि मी दर दोन मिनिटांनी जागा नाही, जागा नाही असं सांगू लागलो.

"जयेशला दाखवते. इंजिनिअर आहे तो," मयुरा म्हणाली.

जयेश खालच्या मजल्यावर राहायचा, परीक्षेचं त्याचं दुसरं वर्ष. इंजिनिअर होता हे खरं, पण पूल आणि रस्ते बांधणारा. आपल्या लोकांत मात्र इंजिनिअर म्हटला की त्याला गीझरपासून लॅपटॉपपर्यंत सगळं यायलाच हवं. आणि येत नाही असं म्हणायची त्या बिचाऱ्याला लाज वाटायची.

"ताई, बिल्कुल टेन्शन नको," तो म्हणाला. "राजाभाऊंच्या साइडला निम्मी जागा रिकामी आहे. मधली भिंत सरकवून तुमच्याकडे घेतो. पाच मिनिटांचं काम."

"त्यांचं काही जाणार नाही ना?"

"छे, त्यांच्या फाइलला हातसुद्धा लावत नाही."

मित्रांनो, तिने कुणाची काळजी केली बघा. स्वतःच्या चार वर्षांबद्दल एक शब्द विचारला नाही. राजाभाऊंच्या रिकाम्या जागेत तिचे चार फोल्डर नुसते ठेवले असते, तरी काम दोन मिनिटांत झालं असतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. पण सीनिअरच्या भागात आपलं सामान कसं ठेवायचं? म्हणून भिंतच सरकवायची. आणि भिंत सरकवायची तर मयुराचं सगळं सामान एकेक करून उचलून मागे न्यावं लागतं. ते काम पाच मिनिटांचं नसतं, तीन-चार तासांचं असतं. त्या वेळात मला कुणी मधेच बंद करायचं नसतं.

मयुरा लायब्ररीत सराव पेपर द्यायला गेली. जयेशने काम सुरू केलं आणि आकडे पुढे सरकताना बघत बसला. दुपारी सव्वातीनला गल्लीतली वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक ट्यूब एवढंच होतं. माझी बॅटरी मेलेली आहे, हे त्याने विचारलं नव्हतं आणि मयुराने सांगितलं नव्हतं. मी जागच्या जागी गार पडलो. निम्मं सामान नव्या जागी, निम्मं जुन्या.

वीज आल्यावर त्याने मला सुरू केलं. राजाभाऊंचा भाग शाबूत होता. मयुराच्या भागावर क्लिक केलं तर मी विचारलं, हा भाग वापरण्याआधी फॉर्मॅट करावा लागेल, करू का? तो प्रश्न माझ्याकडून आपोआप विचारला जातो, त्याची मला आजही शरम वाटते. जयेश घामाघूम झाला होता. त्याने हो म्हटलं.

आणि तरीही सगळं संपलं नव्हतं. हे नीट ऐका, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. अशा वेळी मी फक्त अनुक्रमणिका फाडून टाकतो. पानं जागच्या जागीच असतात. तिची जवळपास सगळी उत्तरं, सरांच्या शेऱ्यांसकट, त्या क्षणी माझ्या पोटात होती. मला फक्त कुणी हात लावायचा नव्हता. बंद करून जाणकाराकडे न्यायचं, बस. पण जयेशला चूक झाकायची होती, मयुरा यायच्या आत. त्याने फुकटातलं एक रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि माझ्यावरच बसवलं. ते एकेक हरवलेली फाइल शोधायचं आणि जयेश ती वाचवून ठेवायचा. कुठे ठेवायचा? त्याच भागात, जिथून काढली तिथंच. मोकळं दिसतंय म्हणून. एक फाइल बाहेर यायची आणि खाली दाबल्या गेलेल्या तीन कायमच्या मरायच्या. दोन तास हे चाललं. मला सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं. एवढी चीड मला जन्मात कधी आली नव्हती.

मयुरा आली, तिने पाहिलं.  मग मला पिशवीत घातलं आणि दोघं मला एका तळघरातल्या दुकानात घेऊन गेली. तिथे कालराजी नावाचे म्हातारे गृहस्थ डिस्क दुरुस्त करतात. त्यांनी माझं पोट उघडलं, डिस्क काढली, आपल्या यंत्राला लावली.  मग चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "बेटा, जहाँ से निकालना था, उसी में डालते गए?"



तिसऱ्या दिवशी त्यांनी अकरा हजार फाइली काढून दिल्या आणि डिस्क परत माझ्या पोटात बसवली. नावं नाहीत, तारखा नाहीत, नुसते आकडे. उघडावं तर कशात अर्धं पान, कशात चौकोन आणि टिंबं, कशात राजाभाऊंनी केव्हाच पुसून टाकलेली भाषणं. "इतना ही बचा है," कालराजी म्हणाले. "मेरी मानो तो इसे छोड़ो, जाके पढ़ो."

तिने त्यांचं ऐकलं नाही. खोलीवर येऊन एकेक फाइल उघडत बसली. एक, दोन, चारशे, नऊशे. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. मधेच सरांचा एखादा शेरा सापडायचा, पण त्याच्या वरचं उत्तर गेलेलं असायचं. तरी ती पुढची फाइल उघडायची. दुकानातले दिवस धरून तिने असे नऊ दिवस घालवले. सोळातले नऊ.

एकदा जयेश दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, सगळं माझ्यामुळे झालं."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे रे. माणसं तसंच म्हणतात.

"हो, तुझ्यामुळेच झालं," मयुरा म्हणाली. "तुला येत नव्हतं तर येत नाही म्हणायचं होतंस. आणि मी चार वर्षांत एक पेन ड्राइव्ह घेतला नाही, ते माझ्यामुळे. आता जा, मला वाचायचंय."

पण ती वाचायला बसली नाही, पुढची फाइल उघडली.

परीक्षा झाली. निकाल लागला. यादीत तिचं नाव नव्हतं. गुण आले तेव्हा कळलं की बाकीचे पेपर चांगले होते, मराठी साहित्याच्या दोन पेपरांनी तिला खाली ओढलं होतं. ती रडली नाही. मला मात्र तिने पलंगाखाली सरकवलं.

दोन महिन्यांनी तिला एका क्लासमध्ये नोकरी लागली, मराठी साहित्यच शिकवायची. उद्या शिकवायचं म्हणून आज लिहायचं, असं करत ती टेबलाशी बसून लिहायला लागली. समोर एकही जुना कागद नाही. मी पलंगाखालून ऐकायचो, ती लिहिता लिहिता पुटपुटायची. काव्यशास्त्रावरचं उत्तर आलं. भाषेच्या इतिहासावरचं आलं. सात वेळा लिहिलेलं उत्तर आठव्यांदा आलं, आणि मला पहिली सातही पाठ आहेत म्हणून सांगतो, हे त्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. दीड महिन्यात बहुतेक नोट्स पुन्हा तयार झाल्या. म्हणजे माझ्या पोटातून पुसलं गेलं ते तिच्या डोक्यात सगळं शाबूत होतं. ज्या नऊ दिवसांत तिने ते डोक्यातून कागदावर उतरवायला हवं होतं, ते नऊ दिवस ती माझ्या पोटात शोधत बसली होती.

एकदा लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. तिच्याही हे लक्षात आलं असावं. तिने वही मिटली.

मित्रांनो, आमच्यावर चहा सांडू नका, आमची बिजागरं मोडू नका, हे सांगायला मी आलेलो नाही. ते झालं तर आम्ही सोसतो. जे पुन्हा लिहिता येणार नाही ते एकट्या माझ्या पोटात ठेवू नका, एवढंच मागणं आहे. आज घरी गेल्यावर त्याची दुसरी प्रत काढा. तरी चुकून गेलंच, तर मला बंद करा आणि हात आवरा. आणि जाणकार माणूस आता सोडा म्हणाला, की सोडा.

परवा मयुराने खोली झाडली आणि मला बाहेर काढलं. धूळ पुसली, वायर लावली. मी सुरू झालो. मला वाटलं, नव्या नोट्स आता माझ्यात ठेवेल. मी जागा तयार ठेवली होती. तिने पडद्यावर स्वतःचं नाव पाहिलं, मला बंद केलं, आणि वहीच्या झेरॉक्स काढायला निघून गेली. तिचं बरोबरच आहे, आणि तेच मला जास्त लागतं.