पेनीचं बाळंतपण

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात सुमित्राबाई कऱ्हाडहून फ्रीमाँटला आल्या, त्या लेकीच्या बाळंतपणाला. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि सगळ्यांच्या वर एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं. कस्टमवाल्यानं बाळंतशेपा तीनतीनदा हुंगल्या. "हुंग बाबा," बाई मराठीतच म्हणाल्या, "हवं तर बायकोसाठी घेऊन जा." घरादारातली अकरा बाळंतपणं काढलेली बाई ती, कस्टमवाल्याला काय भीक घालणार?

एकच गोष्ट त्यांना सलत होती, ती म्हणजे दीपाची नोकरी. एम. एस्सी. झूऑलॉजी, तेही पहिल्या वर्गात. आणि करते काय, तर झूमध्ये ओरांगउटान सांभाळते! फळं चिरायची, पिंजरे धुवायचे आणि शिव शिव शिव, त्यांचं गू काढायचं! यासाठी का शिकवलं होतं? पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नीलाबाई भेटल्या. त्याही मुलाकडे नव्यानंच आलेल्या. "तुमची दीपा काय करते हो?" त्यांनी विचारलं. सुमित्राबाई ताटातल्या बटाट्याच्या भाजीकडे बघत म्हणाल्या, "संशोधन." दीपा मागेच उभी होती. तिनं ऐकलं.

नात चोवीस दिवसांची झाली आणि एका बुधवारी सकाळी झूमधून फोन आला. फोन ठेवला तेव्हा दीपाचा चेहरा उतरला होता.

"आई, मला जायला हवं. आमची पेनी सोमवारी डिलिव्हर झाली."

"माकडीण व्याली, तर तू जाऊन काय करणार? बाळंतीण आहेस! सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही."

"अगं, बाळाला जवळच घेत नाहीये ती. जमिनीवर ठेवून दिलंय. लहानपणीच आईपासून तोडलेली, पाजतात कसं हे तिनं कधी बघितलेलंच नाही. आज चारपर्यंत पाजलं नाही तर बाळ काढून घेणार आणि बाटलीवर वाढवणार. मग तेही असंच होणार, हिच्यासारखं." दीपानं बाळाला उचललं. "सहा वर्षं माझ्या हातून खातेय ती. मी तिच्यासमोर बसून आपल्या बाळाला पाजून दाखवते."

सुमित्राबाई नको म्हणणारच होत्या. पण लेकीचे भरलेले डोळे बघून त्या उठल्या. "बरं. पण मी येणार. आणि हे गुंडाळून घ्यायचं." झालं! नऊवारीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली दीपा, मांडीवर दुपट्यातलं बाळ, आणि गाडी चालवणारा जावई गिरीश. फ्रीवेवर त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. शहाणा जावई!

झूमध्ये पेनीला पंधरा दिवसांपूर्वीच जुन्या, अंधाऱ्या घरातून नव्या काचघरात हलवलं होतं, लोकांना बाळ नीट दिसावं म्हणून. मागच्या बाजूनं आत फक्त स्टाफला जाता येई. दीपानं लुगडं आईच्या हातात दिलं आणि बाळाला घेऊन ती आत गेली. सुमित्राबाई काचेपुढच्या गर्दीत.

काय ती गर्दी! चाळीस-पन्नास माणसं, काचेला नाकं लावलेली पोरं, फ्लॅशचे लखलखाट. एक बाप्या तर पेनीनं वळून बघावं म्हणून अंगठीनं काच वाजवत होता. तांब्याच्या रंगाची पेनी भिंतीकडे तोंड करून, हातांनी डोकं झाकून बसली होती. गवतावर मूठभर पिल्लू कण्हत होतं. पलीकडच्या जाळीमागे दीपा मांडी घालून बाळाला पाजत होती. काचेच्या वरच्या झरोक्यातून तिचा आवाज आला.

"पेनी, बघ गं राणी. मानेखाली हात घ्यायचा. असा. घाबरायचं नाही, जमतं सगळ्यांना."

सुमित्राबाई चमकल्या. हे तर त्यांचेच शब्द! चोवीस दिवसांपूर्वी दवाखान्यात लेकीला त्यांनी हेच सांगितलं होतं. आणि नवल म्हणजे, मराठी ऐकून पेनीनं मान वळवली. पिल्लाकडे हात नेला. तेवढ्यात फ्लॅश उडाला, आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली.

सुमित्राबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाळंतिणीच्या खोलीत जत्रा भरवलीत? लाजा नाहीत मेल्यांनो! व्हा मागे!" शब्द कुणाला कळले नाहीत, पण अर्थ कळला. गर्दी दोन पावलं मागे सरली. बाईंनी लुगड्याचं एक टोक पाटीच्या खांबाला बांधलं, दुसरं कठड्याला, आणि अख्खी काच झाकून टाकली.

झूचे हॅनलीसाहेब धावत आले. "आई, ते म्हणतायत, काढा. रूल्स आहेत," गिरीश म्हणाला.

"त्यांना विचार, तुमची आई तुम्हाला चव्हाट्यावर बसून पाजत होती का?"

गिरीशनं काय भाषांतर केलं ते त्यालाच ठाऊक. साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, घड्याळ बघितलं. तीन वाजले होते. "चारपर्यंत राहू दे," ते म्हणाले.

नऊवारीच ती, काच झाकूनही वर दोन हात उरली. बाईंनी उरलेला तुकडा टर्रकन फाडला आणि साहेबांच्या हातात दिला. "हे आत द्या. बाळंतिणीला मऊ जुनेर लागतं."

दीपानं तो तुकडा खाणं सरकवायच्या फटीतून आत सोडला. पेनीनं तो हुंगला; दीपाच्या अंगाचा वास होता त्याला. मग तिनं तो पदरासारखा डोक्यावर घेतला. जगाला बघायला बंदी करणाऱ्या सुमित्राबाई स्वतः मात्र लुगड्याच्या फटीला डोळा लावून उभ्या होत्या. आत शांतता होती, सावली होती. दीपा हळू आवाजात तेच तेच सांगत होती. पेनीनं दीपाच्या हाताकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं आणि पिल्लाच्या मानेखाली पंजा घातला. पिल्लू पदराखाली गेलं.

चाराला दहा मिनिटं कमी असताना पदराखालून दूध ओढल्याचा चुटुचुटु आवाज आला.

जाळीमागे दीपा बाळाला छातीशी धरून हसत होती आणि रडत होती. सुमित्राबाईंचा ऊर भरून आला. ही माझी लेक! झूचे डॉक्टर होते, साहेब होते, पण त्या मुक्या जिवानं ऐकलं ते हिचं. आणि मी भाजीकडे बघत खोटं बोलले!

नातीला सव्वा महिना झाला आणि बारसं झालं. त्याच आठवड्यात झूचं मासिक पत्रक आलं होतं, ते गिरीशनं पाहुण्यांना मराठीत वाचून दाखवलं. जन्म: एक ओरांगउटान, मादी, सुखरूप. जागाबदल: पेनी आणि पिल्लू जुन्या, शांत घरात, चाळीस दिवस. प्रेक्षकांमुळे घडलेले प्रकार: साडीतल्या एका आजींनी काच झाकली, जागाबदल होईपर्यंत ती झाकलेलीच ठेवण्यात आली.

हशा पिकला. नीलाबाईंनी विचारलं, "म्हणजे दीपाचं संशोधन माकडांवर आहे होय?"

"संशोधन कसलं हो," सुमित्राबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पिंजरे धुते. गू काढते. आणि पेनी बाळंत झाली ना, तिचं बाळंतपण माझ्या लेकीनं काढलंय. मी अकरा काढली, पण असलं एकही नाही!"

दीपा पाळण्याशी उभी होती. तिनं हेही ऐकलं.