समोरून वारा

“आता कुठे आली?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“बर्फावरून चाललीय. खाली सगळं पांढरं,” म्हातारा म्हणाला आणि दोऱ्यावरचं बटण बोटभर पुढे सरकवलं.

बायकोच्या खाटेजवळ स्टुलावर पृथ्वीचा गोल होता. हयातभर त्याने कारखान्यात असल्या गोलांवर नकाशाच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. हा मात्र बाद माल. एक पट्टी वाकडी बसली आणि त्या सांध्यात नेमकं मुलीचं शहर गडप झालं होतं. मुलगी परदेशी गेली तेव्हा त्याने अंदाजाने तिथे एक टाचणी खोचली, दुसरी आपल्या गावावर, आणि मधे दोरा ताणला. आज त्या दोऱ्यात बायकोच्या स्वेटरचं बटण ओवलं होतं. तेच विमान.

“चौदा तास तर लागतात, बाबा,” मुलगी दर फोनवर म्हणायची. “हाक मारलीत की आलेच.” आई ते शेजारणीला ऐकवायची, “तुमच्या थोरल्याला पलीकडच्या गल्लीतून यायला महिना लागतो. माझी बबी चौदा तासांत येईल.”

काल मध्यरात्री त्याने हाक मारली. डॉक्टरांनी आशा सोडल्याचंही सांगितलं.

“लगेच कसं जमेल, बाबा? परवा नव्या घराच्या किल्ल्या मिळतायत. मी नसले तर सगळं अडकेल. तिला सांगा, निघालेय म्हणून.”

त्याने सांगितलं, आणि अडकला.

“खिडकी मिळाली का तिला?”

“मिळाली.”

“जेवली असेल?”

“देतात विमानात.”

उन्हं कलली तसं बटण टाचणीजवळ आलं. तो आता ते नखाएवढंच सरकवू लागला.

“एव्हाना उतरायला हवी होती.”

“समोरून वारा आहे. विमान मंदावतं.”

“तुमचं विमान म्हणजे गोगलगाय,” ती म्हणाली. पांघरूण गळ्याशी ओढून घेतलं. मग म्हणाली, “अजून वाराच?”

“हो. जोराचा आहे.”

तिने चाचपडत त्याचं मनगट धरलं. “उतरवा आता. सकाळपासून तुम्हीच उडवताय. दमलात.”

त्याने बटण टाचणीला टेकवलं. “उतरली,” तो म्हणाला.

“बरं झालं.” तिने भिंतीकडे तोंड केलं. दिवे लागायच्या आत ती गेली.

मुलगी पुढच्या आठवड्यात आली. रडली, चहा प्याली. “प्रवासाचं काही नाही, बाबा. झोपले ती इथेच उठले.” मग कपाट उघडून तिने आईचा स्वेटर काढला, नाकाशी धरला, अंगात घातला.

“हा मी नेते हं. पण याचं एक बटण नाहीये.”

“पडलं असेल कुठेतरी,” म्हातारा म्हणाला. खिशातला हात त्याने बाहेर काढला नाही.