भोंग्यावरची पुस्तकं

माझं डोकं तापट आहे हे गावाला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, त्या दिवशी मी परसराम काकाजींवर ओरडले नाही. खुर्ची तेवढी जरा जोरात मागे सरकवली.

काकाजी आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आणि मी गेल्या नऊ वर्षांपासूनची ग्रंथपाल. अड्याळहून पवनीकडे जाताना रस्त्यालगत आमचं गाव लागतं. गावात शिरलं की पटांगण, आणि पटांगणाच्या कडेला वाचनालयाची एकच खोली. आत आठ कपाटं, अठराशे पुस्तकं. काकाजींची राईस मिल आहे. माणूस वाईट नाही, पण अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी एकही पुस्तक घरी नेलेलं नाही, हे माझ्या रजिस्टरात स्पष्ट दिसतं.

"उर्वशी," ते म्हणाले, "पोट्टे व्यायामशाळा मांगून राहिले. सामान येऊन पडलं हाये पंचायतीत. तुह्या खोलीत सहा म्हातारे पेपर वाचाले येतात. थे पारावर बी वाचतीन."

"आन् पुस्तकं?"

"शाळेच्या कोठीत ठेवून देऊ."

"त्या कोठीत उंदरं हायेत, काकाजी."

खुर्ची सरकली ती इथे. काकाजी दचकले आणि दाराकडे जाता जाता म्हणाले, "सोमवारी मीटिंग हाये. तवापर्यंत तीस नवे मेंबर आन. आले त खोली तुही. नाही आले त चाब्या माह्यापाशी देजो. आन् खुर्च्या नको आपटजो."

मंगळवार होता. सहा दिवसांत तीस माणसं, आणि नऊ वर्षांत मी जेमतेम साठ मेंबर जमवले होते, त्यातले वीस आता पुण्याला राहतात.

तसं मी काहीच केलं नव्हतं असं नाही. प्रत्येक पुस्तक वाचून त्याच्यावर एक चिठ्ठी लिहायची आणि ती शेवटच्या पानाला चिकटवलेल्या खिशात घालायची, हा माझा शिरस्ता. 'वाचनीय कादंबरी. भाषा ओघवती. व्यक्तिरेखा ठसठशीत.' 'माहितीपूर्ण. अभ्यासकांना उपयुक्त.' अशा अकराशे चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या आणि मला त्यांचा भारी अभिमान होता. चिठ्ठी वाचायला आधी पुस्तक उघडावं लागतं, एवढंच माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते त्या मंगळवारी आलं, आणि बुधवारी सकाळी मी केवळरामभाऊंच्या घरी गेले.

आमच्या या झाडीपट्टीच्या मुलखात केवळरामभाऊ कोण हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई म्हटलं की नाटक आलं, आणि नाटक म्हटलं की दिवसभर ऑटोवर भोंगा बांधून त्याची जाहिरात आली. लाखांदूरपासून साकोलीपर्यंतची मंडळं त्यासाठी केवळरामभाऊंनाच बोलावतात. पन्नाशीचा बारीक माणूस, एरवी इतका हळू बोलतो की दोनदा विचारावं लागतं. पण माइक हातात आला, समोर कागद धरला आणि त्यांनी 'रसिक मायबाप हो' म्हटलं, की बाया चुलीवरची भाजी तशीच सोडून अंगणात येतात. बोलणं एकदम शुद्ध आणि खणखणीत. गावात सगळे त्यांना विद्वान समजतात. लग्नपत्रिकेचा मजकूरही लोक त्यांनाच विचारून छापतात.

"पुस्तकाची जाहिरात?" ते म्हणाले. "करीन. पन माहा एक नेम हाये मॅडम. तालीम पाह्यल्याबिगर म्या एकाही नाटकाचा भोंगा वाजवला नाही. न पाह्यलेल्याची तारीफ करनं म्हंजे लोकाहीले फसवनं."

"मंग वाचा ना. पाच पुस्तकं देते."

त्यांचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला आणि तिथून परत आला. "चष्मा घरी राह्यला. तुमीच वाचून दाखवा."

आम्ही त्यांच्या घरीच बसलो होतो. मी 'उद्या वाचनालयात या' म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हाही चष्मा घरीच राहिला होता, आणि तोही त्याच खिशात. केवळरामभाऊंना वाचता येत नव्हतं. ज्या कागदाकडे बघून ते बोलतात तो त्यांची मुलगी रिता आदल्या दिवशी दोनदा वाचून दाखवते, आणि दोनदा त्यांना पुरे होतं. आकडे तेवढे त्यांना येतात. त्यामुळे पुस्तकं ते नावानं ओळखत नसत, पाठीवर मी चिकटवलेल्या नंबरानं ओळखत.

पहिलं पुस्तक उघडण्याआधी मी मोठ्या ऐटीत माझी चिठ्ठी वाचली. "भाषा ओघवती."

"म्हंजे काय?"

"म्हंजे वाहनारी."

"नहराच्या पान्यावानी? मंग कोनाच्या धानाच्या बांधीत सोडाचं थे?"

मला राग आला. "तुमीच सांगा मंग, कसं सांगाचं."

"पुस्तक कोनासाठी हाये थे सांगा. सगळेच नाटकं सगळ्याहीसाठी नसतात. एखादं रडनाऱ्याचं असते, एखादं हासनाऱ्याचं. आधी मानूस वळखा, मंग त्याच्या हाती पुस्तक द्या."

नऊ वर्षं, अकराशे चिठ्ठ्या, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रागवावं की पाया पडावं ते कळेना. शेवटी मी चहा ठेवला.

मग जी मजा सुरू झाली ती काय सांगू. रोज दुपारी वाचनालय बंद असायचं त्या वेळात मी वाचायची आणि ते ऐकायचे, मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून. मध्येच हात वर करायचे, म्हणजे थांबायचं, आणि निकाल द्यायचे. भाज्यांच्या पाककृतींचं पुस्तक ऐकून म्हणाले, "ज्याच्या घरी रोज वांगंच शिजते त्याले द्या." एक बाई नदीच्या काठाकाठानं चारशे कोस एकटी चालत गेली त्या प्रवासवर्णनावर म्हणाले, "जिले माहेरी बी एकटीनं जाऊ देत नाही तिच्यासाठी हाये हे." ताऱ्यांवरचं विज्ञानाचं पुस्तक लाइन गेल्यावर गच्चीवर झोपणाऱ्यांचं ठरलं. कवितांच्या पुस्तकात एक कविता होती, बैल विकल्यावरही गोठ्यातल्या खुंटीला राहिलेल्या दाव्याची. ती त्यांनी तीनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "हे जोरानं नाही सांगाचं. याच्या वक्ती माइक दूर धरतो." मी आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते. तीच पुस्तकं मी आधी वाचलेली होती, पण आता पहिल्यांदा वाचल्यासारखी वाटत होती.

पाचवं पुस्तक म्हणजे चारशे बारा नंबर, रहस्यकादंबरी. लग्नघरात आतून कडी लावलेल्या खोलीत नवरदेवाच्या मामाचा खून होतो. घरात पाच माणसं, पाचही खोटं बोलणारी, आणि दोरीवर एक ओला टॉवेल. शनिवारी संध्याकाळी आम्ही पान एकशे चाळीसवर पोचलो आणि पेपरवाले म्हातारे दारात येऊन उभे राहिले. मी पुस्तक मिटलं.

"खुनी कोन हाये थे त सांगून द्या," केवळरामभाऊ म्हणाले.

"असं सांगत नसतात. वाचून दाखवीन."

"मॅडम, मले झोप नाही येनार."

नाही आली. रविवारी संध्याकाळी लोकांना बोलावून ही पाच पुस्तकं सांगायची असं आमचं ठरलं होतं, आणि सकाळी आठलाच भोंगा सुरू झाला. मी खोली झाडत होते, आवाज आला आणि केरसुणी हातातच राहिली. 'रसिक मायबाप हो, आज सायंकाळी ठीक सहा वाजता, वाचनालयाच्या भव्य पटांगणावर, पाच पुस्तकांची थरारक ओळख. काय आहे त्या बंद खोलीत? कुणाचा तो ओला टॉवेल? चारशे बारा, चारशे बारा, चारशे बारा.'  शेवटी नेहमीचं आलं, 'तरी आपापल्या चटया-बोऱ्यांसह सहकुटुंब सहपरिवार हजर राहावं. स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय आहे.' जन्मापासून हेच ऐकत आल्यामुळे त्यात काही चुकलंय असं मलाही वाटलं नाही.

दुपारी तीनला शेजारच्या ताराबाई आल्या आणि वाचनालयाच्या पायरीसमोर बोऱ्या अंथरून निघून गेल्या. आमच्याकडे नाटकाची जागा अशीच धरतात. चारपर्यंत अर्धं पटांगण चटयांनी भरलं. पाचला चणेफुटाणेवाला आला. साडेपाचला बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळं गाव येऊन बसलं आणि मला विचारायला लागलं, की पडदा कधी बांधणार, मंडळ कुठलं, 'चारशे बारा'त हिरोईन कोण आहे.

काकाजी गड्याच्या डोक्यावर खुर्ची देऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. "नाटक आनलं, आन् मले सांगतलं बी नाही."

मी केवळरामभाऊंना कपाटांच्या मागे ओढलं. ते घामानं भिजले होते. "जीभ घसरली मॅडम, सवयीनं. तीस वर्षांपासून नाटकाचं तेच म्हनून राहिलो. आता लोक शिव्या देतीन अन् उठून जातीन."

मी चिडायला तोंड उघडलं आणि मला हसूच आलं. जे तीनशे लोक नऊ वर्षांत एकदाही फिरकले नव्हते ते माझ्या दारात चटया टाकून बसले होते. "जाईपर्यंत त बसून हायेत ना," मी म्हटलं. "जा, बोला."

ते पायरीवर उभे राहिले. शेजारच्या टेबलावर पाच पुस्तकं. नाटक नाही, पुस्तकं आहेत, असं त्यांनी सरळ सांगितलं. मागून कुरकुर सुरू झाली, दोन पोरं उठली. मग त्यांनी वांग्याचं सांगितलं आणि बायकांत खसखस पिकली. नदीकाठच्या बाईचं सांगितलं तेव्हा त्याच बायका एकदम गप्प झाल्या. ताऱ्यांच्या वेळी अर्ध्या माना वर गेल्या. दाव्याच्या कवितेला त्यांनी खरंच माइक लांब धरला, आणि चणेवाल्यानंही पुड्या बांधायचं थांबवलं. मी दाराशी उभी होते. मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं होतं.

मग चारशे बारा. लग्नघर, मामा, कडी, पाच माणसं, टॉवेल. प्रत्येकाचा आवाज त्यांनी वेगळा काढला. पान एकशे चाळीस आलं आणि ते थांबले.

"मंग?" कुणीतरी ओरडलं.

"पुढचं मले माहीत नाही."

काकाजी खुर्चीतून हसले. "घरी नेऊन पुरं वाचाले काय झालं होतं, केवळराम? एवढा विद्वान मानूस तू."

वेळ मिळाला नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हणा, तेवढंच म्हणा. केवळरामभाऊंनी खिशातला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मले वाचता येत नाही, काकाजी. हातात कागद उगाच धरतो. हे पाची पुस्तकं मॅडमनं वाचून दाखवले, आन् हे अर्धं राह्यलं. जेवढं पाह्यलं तेवढंच सांगतो, हा माहा नेम हाये."

 रिता बायकांमध्ये बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. केवळरामभाऊ खाली बघत उभे होते आणि आत जावं की नाही ते त्यांना समजत नव्हतं. तेवढ्यात ताराबाई गुडघ्यावर हात देत उठल्या.

"मले बी येत नाही," त्या मला म्हणाल्या. "मले देशीन का वं वाचून? थे नदीवाल्या बाईचं?"

"देईन, आजी."

"त लिह माहं नाव."

मी रजिस्टर आणलं. त्यांच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिचा नवरा, मग ती मघाशी उठलेली दोन पोरं, त्यांना टॉवेल कुणाचा ते हवं होतं. बारा नावं झाली आणि काकाजींनी हात वर केला. "थांब. ज्याहीले वाचताच येत नाही थे वाचनालयाचे मेंबर कसे?"

आता मात्र मी ओरडले. "काकाजी, चाळीस वर्षांपासून नाटकं पाहून राहिले तुमी. तुमाले नाटक करता येते का?"

सगळं पटांगण हसलं. काकाजी हसले नाहीत, पण वर केलेला हात त्यांनी खाली घेतला. मी लिहीत राहिले. तिसाव्या नावाखाली मी रेघ ओढली, आणि शेवटी त्रेचाळीस झाली. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी चाब्यांचं नाव काढलं नाही. गड्याला खुणावलं, गड्यानं खुर्ची डोक्यावर घेतली. लोक चटया गुंडाळायला लागले.

केवळरामभाऊ चारशे बारा हातात घेऊन माझ्यापाशी आले. त्यांचा आवाज पुन्हा इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "मॅडम, आता त वाचा."

मी पायरीवरच बसले, दिव्याखाली पान एकशे एक्केचाळीस उघडलं आणि त्यांच्यापुरतं वाचायला लागले. चारदोन ओळी झाल्या असतील. समोर चटया पुन्हा उलगडल्याचा आवाज आला, एक, मग दुसरी, मग खूप. मी मान वर केली नाही, वाचत राहिले.

पटांगणाच्या टोकाला गडी थांबला होता. काकाजींनी त्याच्या डोक्यावरची खुर्ची उतरवून घेतली, तिथेच मांडली आणि बसले.

"उर्वशी, जोरानं वाच," ते तिथून म्हणाले. "इकडं ऐकू येत नाही."

मी माइक जवळ ओढला.