बोंबलांच्या बरणीशेजारची पाचवी कॉइल

मी एक जुनी कॉइल आहे. हसू नका मित्रांनो! वय विचाराल तर अवघे सव्वीस दिवस, पण आमच्यात सव्वीस दिवस म्हणजे पिकलं पान. माझ्या चार सख्ख्या बहिणी मिळून जेवढं जगल्या, त्याच्या जवळजवळ दुप्पट मी एकटी जगले. कशी जगले, ते सांगायला मी किती उतावीळ झाले आहे म्हणून सांगू!

आधी माझी ओळख. मी करंगळीच्या पेराएवढी. बाहेरून धातूची नळी, आत बारीक जाळी, जाळीभोवती पांढराशुभ्र कापूस आणि अंगाला चार भोकं. व्हेप नावाच्या यंत्राच्या टाकीत, अगदी तळाशी मला बसवतात. टाकीतलं लिक्विड त्या भोकांतून कापसात मुरतं. बटण दाबलं की जाळी तापते आणि लिक्विडची वाफ होते. कापूस ओला असला तर सगळं छान. कोरडा असला तर तो जळतो, आणि ओढणाऱ्याच्या तोंडात असा काही करपट कडवटपणा भरतो की विचारू नका.

आणि हो, मी खेळणं नाही. औषधही नाही. माझ्या लिक्विडमध्ये निकोटीन असतं, आणि ज्याने आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही त्याला माझं काडीचंही काम नाही. ज्या दुकानात आम्ही पाचजणी एका पाकिटात बसून होतो, तिथे दारावरच पाटी होती, एकोणीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. योग्यच होतं ते! पण ज्याला सिगरेटने अडतीस वर्षं धरून ठेवलं होतं, त्याची गोष्ट वेगळी. त्याचं नाव जेराल्ड.

जेराल्ड मूळचा वसईचा, आता कॅनडात किचनरला राहतो आणि शाळेची पिवळी बस चालवतो. तुमच्यापैकी कुणी त्याच्या बसमध्ये बसलं असेल तर त्याचा खोकला तुम्ही ऐकला असेल. त्याची मुलगी क्लॅरिसा मॉन्ट्रियलला असते. तिचं पहिलं बाळ फेब्रुवारीत यायचं होतं. ख्रिसमसला तिने व्हिडिओ कॉलवर बापाला स्पष्टच सांगितलं, "डॅडी, आय लव्ह यू. पण अंगाला सिगरेटचा वास आला तर बेबी तुमच्या हातात देणार नाही. फायनल."

जेराल्ड हसला. मग मुलगा रॉयस्टन, जो वॉटर्लूला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, त्याने हे यंत्र आणि आम्हा पाचजणींचं पाकीट आणून दिलं. एक जानेवारीला जेराल्डने सिगरेट सोडली. घरात मोठीच गोष्ट झाली! फक्त त्याच्या बायकोने, व्हेरॉनिकाने, एक अट घातली. "धूर तो धूर. माझ्या घरात नाही चालणार. ठेवा गॅरेजमध्ये."

झालं! यंत्र, लिक्विडची बाटली आणि आमचं पाकीट, सगळ्यांची रवानगी गॅरेजच्या फळीवर झाली. एका बाजूला समर टायरची, म्हणजे उन्हाळ्यात गाडीला लावायच्या टायरची चळत. दुसऱ्या बाजूला व्हेरॉनिकाच्या सुक्या बोंबलांची मोठी बरणी, कारण वासामुळे तीही घराबाहेरच. तिच्याशेजारी खोबरेल तेलाची बाटली. पाकिटाला पुढे पारदर्शक खिडकी होती, त्यामुळे मला सगळं दिसायचं. आणि थंडी? बापरे! बाहेर उणे अठरा, आत फार तर उणे चार.

जेराल्ड सकाळी बस घ्यायला निघायच्या आधी गॅरेजमध्ये यायचा. हातमोजे न काढता यंत्र उचलायचा, एकामागून एक सहा-सात झुरके घ्यायचा आणि पळायचा. दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये पुन्हा तीच घाई.

माझी पहिली बहीण तीन दिवसांत गेली. कापूस काळा ठिक्कर. रॉयस्टन फोनवर म्हणाला, "डॅडी, ते कस्टर्ड फ्लेवर खूप स्वीट आहे. साखर जळून बसते." मग साधं पुदिन्याचं लिक्विड आलं. दुसरी बहीण चार दिवस टिकली आणि तीही करपली. तेव्हा जेराल्डला वाटलं, वाफ कमी येते, म्हणजे ताकद कमी पडत असणार. त्याने वॉटचा आकडा वाढवला. अहो, किती वॉटवर चालवायचं तो आकडा आमच्या अंगावरच कोरलेला असतो! पण चष्मा लावून वाचायला वेळ कुणाला आहे? तिसरी तर बिचारी दोन दिवसांतच करपली. तिला वाया घालवायला नको म्हणून त्याने भांड्यांच्या साबणाने घासून धुतली, वाळवली आणि पुन्हा बसवली. त्यानंतर दोन दिवस त्याच्या तोंडाला लिंबाच्या साबणाची चव येत होती आणि तो बसमधल्या मुलांना 'गुड मॉर्निंग' म्हणतानाही तोंड वाकडं करायचा.

राहिलो आम्ही दोघी. आणि मला एक गुपित माहीत होतं. समर टायरच्या चळतीत, सगळ्यात वरच्या टायरच्या पोकळीत, जेराल्डने एक सिगरेटचं पाकीट लपवलं होतं. न फोडलेलं. अडीअडचणीला म्हणून. एखादा झुरका बिघडला की त्याची नजर तिकडे वळायची, आणि माझा कापूस भीतीने आकसायचा.

तो रविवार उजाडला. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर जेराल्ड कोटासकट गॅरेजमध्ये आला. यंत्र तोंडाला लावलं, एक झुरका, दोन, तीन... आणि ठसका! डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. चौथी बहीण गेली. त्याने यंत्र फळीवर आपटलं. "मरू दे!" म्हणाला. आणि सरळ टायरकडे गेला, पोकळीत हात घातला, पाकीट बाहेर काढलं. मी आमच्या पाकिटात बसल्या जागी ओरडत होते, नको, नको रे बाबा, मी आहे ना अजून! पण कॉइलचा आवाज ऐकतो कोण?

एवढ्यात घराकडचं दार उघडलं. व्हेरॉनिका बोंबील न्यायला आली होती. हातात रिकामा वाडगा. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं.

"चौदा दिवस झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "चौदा दिवस तुम्ही राहिलात की हो."

"मग काय करू?" जेराल्ड भडकला. "हे यंत्र ओढवत नाही! जळक्या कापडासारखं लागतं. आणि सांगू का, दोष तुझ्या बोंबलांचा आहे! चोवीस तास शेजारी बरणी. वास शिरलाय त्यात!"

"माझ्या बोंबलांचा?" व्हेरॉनिकाने वाडगा कमरेवर टेकवला. आता काय होतं बघा, मी मनात म्हटलं! "तीस वर्षं खाताय तेव्हा वास नाही आला? झाकण घट्ट आहे बरणीचं. हुंगून बघा! बघा म्हणते ना!"

जेराल्डने हुंगलं. बरणीला वास नव्हता. व्हेरॉनिकाने आता लिक्विडची बाटली उचलली, उजेडात धरली आणि उलटी केली. आतला बुडबुडा वर सरकायलाच तयार नाही. काकवीसारखं दाट झालेलं ते लिक्विड निवांत पडून होतं. मग तिने शेजारची खोबरेलची बाटली उचलली. पांढरी, घट्ट, दगड.

"अहो," ती म्हणाली आणि तिचे डोळे मोठे झाले. "माझं तेल थिजलंय, ते मला दिसतं. तुमचं हे पाणी थिजल्यासारखं झालंय, ते तुम्हाला कसं दिसत नाही? हे असलं दाट, त्या एवढ्याशा भोकांतून आत जाणार कसं?"

आहाहा! काय सांगू मला काय झालं ते! चौदा दिवस मी हेच ओरडत होते. थंडीने लिक्विड दाटतं, भोकांतून मुरत नाही, वर माणूस घाईने झुरक्यावर झुरका घेतो, कापूस कोरडाच राहतो आणि जळतो. कॉम्प्युटरवाल्या रॉयस्टनला सापडलं नाही ते या बाईने तेलाच्या बाटलीवरून ओळखलं!

जेराल्डने रॉयस्टनला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "वेट, तुम्ही ते गॅरेजमध्ये ठेवलंय? इन जॅन्युअरी? ओ माय गॉड, डॅडी. आणि नवीन कॉइल बसवल्यावर किती वेळ थांबता?"

"थांबायचं कशाला?"

"पंधरा मिनिट्स! कॉटन सोक व्हायला नको?"

व्हेरॉनिका हसायलाच लागली. "वाल रात्रभर भिजत घालते तेव्हा विचारता का कशाला म्हणून? कोरडे वाल शिजवून बघा एकदा. चला आत. सगळं घेऊन चला."

"आत? घरात?"

"ओढायचं बाहेर, मागच्या लाकडी डेकवर. पण राहील ते माझ्या स्वयंपाकघरात, उबेत. वरच्या कपाटात, औषधांच्या डब्याशेजारी." आणि तिने त्याच्या हातातून सिगरेटचं पाकीट काढून घेतलं. आत आल्यावर ते फोडलं, सगळ्या सिगरेटी वाडग्यात टाकल्या आणि वर नळ सोडला. "हेही घालते भिजत," म्हणाली. जेराल्ड बघत राहिला. थोडं दुःख झालं त्याला, खोटं कशाला बोलू? अडतीस वर्षांची सोबत होती.

मग माझी पाळी आली! व्हेरॉनिकाने चष्मा लावून माझ्या अंगावरचा आकडा वाचला आणि यंत्र बरोबर तेवढ्यावर आणलं. लिक्विडची बाटली कोमट पाण्यात उभी केली. जेराल्डने माझ्या कापसावर चार थेंब टाकले, मला बसवलं, टाकी भरली. ओव्हनच्या घड्याळावर पंधरा मिनिटं लावली. आयुष्यातली सगळ्यात सुंदर पंधरा मिनिटं होती ती. लिक्विड हळूहळू चारही भोकांतून आत आलं, आणि माझा कापूस आतपर्यंत भिजला.

त्या पंधरा मिनिटांत जेराल्डचे मात्र हाल झाले. तो खुर्चीवर बसला, उठला, खिडकीशी गेला, परत आला. हाताला चाळा हवा म्हणून व्हेरॉनिकाने त्याच्यापुढे लसूण ठेवला. त्याने अख्खा गड्डा सोलला. घड्याळ वाजलं तसा तो डेकवर गेला, एक झुरका घेतला आणि थांबला. मी श्वास रोखून वाट पाहत होते.

"पुदिना लागतोय गं!" तो ओरडला. "खरंच पुदिना लागतोय!"

शेजारच्या डेकवरचा माणूस वळून बघायला लागला, इतक्या मोठ्याने ओरडला तो.

त्यानंतरचे दिवस माझ्या वैभवाचे. जेराल्ड एक झुरका घ्यायचा, मग मनात दहा आकडे मोजायचा, मग दुसरा. मला भिजायला वेळ मिळायचा. टाकी अर्ध्याखाली गेली की तो भरायचा, कोरडी पडू द्यायचा नाही. आठवडा गेला, दोन गेले, माझी चव बिघडली नाही. रॉयस्टन आला तेव्हा जेराल्डने पाहुण्यासमोर नातवाचं कौतुक करावं तसं माझं कौतुक केलं. पुढे लिक्विडमधलं निकोटीनही त्याने कमी करून घेतलं. आणि खोकला! सकाळचा तो खोकला कमी झाला, हे बसमधल्या एका मुलीने त्याला सांगितलं म्हणे.

मग तेविसाव्या दिवशी पहाटे फोन आला. मुलगी झाली! घरात एकच धांदल उडाली. व्हेरॉनिका रडते, हसते, बॅग भरते. जेराल्डला एक मोजा सापडत नाही. स्टेशनवर सोडायला आलेला रॉयस्टन दारात गाडीचा हॉर्न वाजवतो. दारं धाडधाड लागली, आणि घर गप्प झालं.

आणि मी? मी वरच्या कपाटात, औषधांच्या डब्याशेजारी.

विसरला! मला विसरला! मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा या ठिकाणी त्या रडतात. मीही घाबरले, पण स्वतःसाठी नाही. मॉन्ट्रियलला कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान आहे, दुकानात काउंटरमागे सिगरेट आहे, आणि जेराल्डच्या खिशात मी नाही. तीन दिवस मी अंधारात हेच घोकत बसले.

चौथ्या दिवशी कुलूप उघडलं. रॉयस्टन त्यांना स्टेशनवरून घेऊन आला होता. जेराल्डचा आवाज आला, आणि तो आवाज हसरा होता.

"ट्रेनने वाटेतलं किंग्स्टन सोडल्यावर आठवलं," तो सांगत होता. "खिसे चाचपले. हिला सांगितलं नाही, उगाच घाबरली असती. रात्रभर पाय हलवत बसलो. सकाळी क्लॅरिसा बाळाला घेऊन घरी आली, म्हणाली, डॅडी, दूध आणा. गेलो कोपऱ्यावर. काउंटरवरच्या बाईने फ्रेंचमध्ये विचारलं, काय हवं. तिच्या मागे झाकलेल्या कप्प्यांत सगळी पाकिटं. मी उभा. मागे रांग लागली."

"देन?" रॉयस्टनने विचारलं.

"मनात दहा आकडे मोजले. आणि दूध घेऊन आलो." थोडं थांबून तो म्हणाला, "क्लॅरिसाने आधी माझी कॉलर हुंगली. मग हात हुंगले. मग बाळ दिलं. एवढंसं डोकं रे तिचं, माझ्या तळव्यात मावलं."

 व्हेरॉनिकाने नाक पुसलं ते मला कपाटात ऐकू आलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सिगरेटशी झगडत असेल, तर त्याच्यावर चिडू नका आणि त्याला गॅरेजमध्येही पाठवू नका. माझ्यासारखीची चव बिघडली तर आधी थंडी बघा, आकडा बघा, आणि भिजायला वेळ द्या. माणसालाही द्या. तुम्ही स्वतः मात्र मला कधी हात लावू नका. तुम्हाला माझी गरज पडू नये, यातच मला आनंद आहे.

संध्याकाळी व्हेरॉनिकाने कपाट उघडून मला खाली काढलं. माझा कापूस आता तपकिरी झालाय, मला दिसतंय ते. शेजारी नवं, न फोडलेलं पाकीट ठेवलं होतं. तिने विचारलं, "जुनी झाली ही. नवी घालू का भिजत?"

जेराल्डने दोन्ही हात नाकाशी नेले आणि डोळे मिटले.

"आज नको," तो म्हणाला. "हाताला अजून बाळाचा वास आहे."